‘निळू फुले टाईप कर’ म्हणजे नक्की काय कर?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. एका मालिकेत सरपंचाच्या रोलसाठी तुझी ऑडिशन आहे, समोरून सांगितलंय "निळू फुले टाईप कर", आणि तुला येतं ते म्हणजे मान तिरकी करून घोगऱ्या आवाजात "बाई, वाड्यावर या" एवढंच. मग तू विचारतोयस की सर, ह्याच्यापलीकडे त्यांच्यात शिकण्यासारखं खरंच काही आहे का, की एका साच्यातला व्हिलन होता आणि आपण त्याला उगाच मोठं करून ठेवलंय.

मी २७ वर्षं नाटकात आहे, सुरुवात राज्य नाट्य स्पर्धेपासून झाली, मधे बरंच डबिंग केलं आणि आता नवीन पोरापोरींच्या अभिनयाच्या कार्यशाळा घेतो. निळूभाऊंना मी प्रत्यक्ष कधी भेटलो नाही. पण अभिनयातलं जे काही मला आज ठामपणे सांगता येतं त्यातलं निम्मं तरी मी त्यांचे सिनेमे परत परत बघून शिकलोय, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे, वेळ काढून वाच.

पहिली गोष्ट, तो मिमिक्रीतला आवाज डोक्यातून काढून टाक. मिमिक्रीवाल्यांनी त्यांचं एकच वाक्य घेतलं आणि त्यातही फक्त घोगरेपणा घेतला. तू घरी त्यांचा 'सामना' हा सिनेमा लाव आणि पंधरा मिनिटं पडद्याकडे पाठ करून बस, नुसता आवाज ऐक. आवाज घोगरा नाहीये रे, तो खालचा आहे. खालच्या पट्टीत, छातीतून, श्वास थोडा सोडत सोडत येणारा, आणि वाक्याच्या शेवटाकडे जाताना तो माणूस जोर लावत नाही तर उलट जोर काढून घेतो, शेवटचा शब्द जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा. आपण सगळे नाटकातले लोक उलटं शिकलेलो असतो, शेवटचा शब्द पडू देऊ नका, मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे वगैरे. निळूभाऊ तो मुद्दाम पडू देतात. का? कारण ज्याच्या हातात गाव आहे त्याला आपलं बोलणं पोचवायची गरजच नसते. ऐकायची गरज समोरच्याला असते. तो हळू बोलतो म्हणून बाकीचे गप्प होतात, पुढं वाकतात, कान देतात, आणि ते वाकले की अर्धं काम झालं.

मला विचारशील तर 'निळू फुले टाईप' ह्याचा खरा अर्थ एवढाच आहे, की सत्ता असलेला माणूस घाई करत नाही. बाकी सगळं, ती नजर, ते हसू, ती चाल, ह्या एका गोष्टीतून निघतं.

मागे एका कार्यशाळेत एक मुलगा होता, आवाज दणदणीत, उंचापुरा, आणि मिमिक्री तर इतकी हुबेहूब की सगळे टाळ्या वाजवायचे. मी त्याला एक छोटा प्रसंग दिला. तू कारखान्याचा चेअरमन, समोर एक शेतकरी आलाय, उसाचं बिल थकलंय ते मागायला, उभाच आहे, बसायला तयार नाही. तुझी वाक्यं तीन, "बसा. चहा घ्या. मग बोलू." बास. पहिल्यांदा त्यानं डोळे बारीक करून, दात दाखवून, गुरगुरत केलं आणि सगळे हसले, कारण सगळ्यांना मिमिक्री ओळखू आली पण भीती कुणालाच वाटली नाही. दुसऱ्यांदा म्हणलं साधं बोल, घरी पाहुण्याला बोलतोस तसं, तर ते अगदीच मिळमिळीत झालं. मग मी खरा चहा मागवला. किटली, कपबशी, वाफ येणारा चहा. म्हणलं आता तू त्याच्यासाठी चहा ओत, कप अगदी काठोकाठ भरायचा पण बशीत एक थेंब सांडायचा नाही, लक्ष फक्त कपाकडे, आणि मधे मधे जमेल तशी ती तीन वाक्यं टाक.

त्यानं न बघताच "बसा" म्हणलं. मग कप भरेपर्यंत काहीच नाही, फक्त चहाचा आवाज. किटली खाली ठेवली, एका बोटानं बशी पुढं सरकवली, "चहा घ्या". मग बोटाला लागलेला चहा धोतराच्या सोग्याला पुसला, आणि ते पुसून झाल्यावर पहिल्यांदा वर बघितलं, "मग बोलू". आणि समोरचा मुलगा खाली बसला. त्याला मी सांगितलं होतं की शेवटपर्यंत उभं राहायचं, तुझ्या बाजूनं न्याय आहे, हटायचं नाही. तो बसला. नंतर म्हणला सर मला कळलंच नाही मी कधी बसलो. खोलीत कुणीही हसलं नाही.

ही जी कपाकडे बघत बोलायची गोष्ट आहे ना, ती मी निळूभाऊंकडून उचललेली आहे. त्यांचे सीन आवाज बंद करून बघ, हाताला कायम काहीतरी काम आहे, आणि धमकी त्या कामाच्या मधेच कुठंतरी येते, धमकी हे मुख्य काम नसतंच. आणि नजर शब्दाच्या आधी येते किंवा नंतर येते, शब्दाबरोबर क्वचित. शब्द आणि नजर दोन्ही एकाच वेळी मारली की ती अ‍ॅक्टिंग दिसते.

आता हे त्यांना आलं कुठून. ह्याचं उत्तर मला त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडतं. पुण्यात जन्म, गरिबी, राष्ट्र सेवा दल ह्या समाजवादी विचारांच्या संघटनेच्या कलापथकात घडलेले, आणि पोटासाठी पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळीकाम केलं. १९५७च्या निवडणुकीच्या वेळी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहिलं, पुढं 'कथा अकलेच्या कांद्याची' ह्या लोकनाट्यानं नाव झालं, आणि त्यातूनच अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' मिळाला, १९६८ साली, झेले अण्णांची भूमिका. म्हणजे सिनेमात आले तेव्हा वय चाळिशीला टेकलेलं होतं, हे नवीन पोरांनी लक्षात ठेवावं, पंचविशीत रोल मिळत नाहीत म्हणून रडणाऱ्यांनी तर नक्कीच.

लोकनाट्याचा हा भाग मी जरा थांबून सांगतो कारण इथंच लोकांची गल्लत होते. लोकनाट्यात सगळं मोठ्यानं असतं, मोकळं मैदान, समोर हजारभर माणसं, बतावणीत, म्हणजे त्यातल्या आयत्या वेळच्या विनोदी संवादांत, कोण काय बोलेल ह्याचा नेम नाही, त्यामुळे नटाचा कान आधी तयार होतो. समोरचा काय बोलला, कुठल्या सुरात बोलला, पब्लिक कुठं हसलं, कुठं गप्प झालं, हे ऐकून पुढचं वाक्य टाकायचं. ज्याला ऐकता येत नाही तो तिथं दोन मिनिटं टिकत नाही. निळूभाऊ सिनेमात आले आणि त्यांनी आवाज खाली आणला, पण कान तसाच ठेवला. म्हणून त्यांचा हळू आवाज मरगळलेला वाटत नाही. आज बरेच जण कॅमेऱ्यासमोर 'नॅचरल' करायचं म्हणून पुटपुटतात, त्यात आणि ह्यात फरक हाच, की पुटपुटणारा स्वतःत असतो आणि निळूभाऊ समोरच्यात.

आता 'सामना'. १९७४चा, दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकर, १९७५च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत गेलेला. सहकारसम्राट हिंदूराव धोंडे पाटील, म्हणजे निळूभाऊ, आणि त्यांच्यासमोर दारूत बुडालेला, कधीकाळी स्वातंत्र्यासाठी लढलेला मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदूराव ह्या मास्तराला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आणि हा मास्तर एकच प्रश्न लावून धरतो, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं. तुझ्यासारख्या नटानं ह्या सिनेमात बघायचं ते हे की निळूभाऊ हिंदूरावाला वाईट माणूस म्हणून करतच नाहीत. त्यांचा हिंदूराव मनातून मानतो की मी ह्या भागाचं भलं केलंय, कारखाना आणला, लोकांच्या हाताला काम दिलं, माझ्यामुळे चुली पेटतात, आणि मधेच एखादा माणूस आडवा आला तर त्याचं काय एवढं. त्याला मास्तर मनापासून आवडतो सुद्धा. पाहुणचार खोटा नाहीये. म्हणून तो प्रश्न येतो तेव्हा चेहऱ्यावर राग यायच्या आधी एक क्षण दुखावल्यासारखं काहीतरी येऊन जातं, अरे मी तुला घरात घेतलं आणि तू मला हे विचारतोस. ते एवढंसं दुखावलेपण मला त्यांच्या सगळ्या दमबाजीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. गावाकडं वाढलेल्या माणसानं असे हिंदूराव बघितलेले असतात, लग्नात पहिला आहेर त्यांचा, मयतीला पहिले ते हजर, आणि तरी त्यांच्याबद्दल एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आणि इथं मला त्यांच्या विचारांचा संबंध दिसतो. आयुष्यभर सेवा दलाच्या मुशीतला माणूस, अशा पुढाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिलेला. असा नट सहज त्या पात्राची टिंगल करू शकला असता, बघा कसा नालायक आहे म्हणून दाखवू शकला असता. त्यांनी ते केलं नाही. त्या माणसाची बाजू पूर्ण समजून घेऊन, त्याला त्याचा रुबाब, त्याचं प्रेम, त्याचा अभिमान सगळं देऊन उभा केला, आणि मग प्रेक्षकाला आपोआप कळतं की हे किती खोलवर रुजलेलं आहे. ज्याला ह्या व्यवस्थेची खरी चीड आहे तोच एवढ्या धीरानं ती दाखवू शकतो असं माझं मत आहे.

एक गोष्ट फार कमी लोक जोडून बघतात. 'सखाराम बाइंडर' हे नाटक १९७२चं, 'सामना' १९७४चा, 'सिंहासन' १९७९चा. तिन्ही लिखाण तेंडुलकरांचं, ('सिंहासन' मूळ अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून), आणि तिन्हीत निळूभाऊ. सात वर्षांत एकाच लेखकाची तीन माणसं, आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सखाराम म्हणजे नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, शिवराळ, मृदंग वाजवणारा बुकबाइंडर. कमलाकर सारंगांनी बसवलेल्या त्या नाटकावर सेन्सॉरनं बंदी आणली, सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. आम्ही ते नाटक पुढं हौशी ग्रुपमधे बसवलं तेव्हा सखाराम माझ्याकडे होता. सुरुवातीलाच तो नव्या बाईला घराचे नियम सांगतो ते भलंमोठं बोलणं आहे, आणि मी ते तालमीत पहिले आठ दिवस ओरडून केलं, दुसऱ्या अंकापर्यंत घसा बसायचा. मग एका रात्री कळलं की हा माणूस दम देत नाहीये, हा आपल्या प्रामाणिकपणाचा अभिमान सांगतोय, मी लपवत नाही, जे आहे ते हे आहे. त्या दिवसापासून घसा बसला नाही. तेव्हा मला समजलं की असल्या भूमिकेसाठी निळूभाऊच का लागले असतील.

आणि 'सिंहासन'. इथं मला तू सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवाय. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू, सतीश दुभाषी, मोहन आगाशे, श्रीकांत मोघे, दत्ता भट, छोट्या भूमिकेत नाना पाटेकर, म्हणजे पडदा भरून वजनदार नट, आणि सगळे सत्तेच्या मागे. आणि ज्या नटाला महाराष्ट्र सत्तेचा चेहरा म्हणून ओळखत होता त्यालाच इथं सत्ता नसलेला माणूस दिलाय, पत्रकार दिगू टिपणीस. हिंदूराव आणि दिगू एकामागोमाग एक बघ, अभिनयाचा असा धडा पैसे देऊन मिळणार नाही. हिंदूरावाकडं जग चालत येतं, दिगूला जगाकडं चालत जावं लागतं. दिगू कायम दुसऱ्याच्या केबिनमधे, दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या वेळेवर. खांदे बघ, तेच शरीर पण जागा कमी घेतंय. तोच खालचा आवाज, पण हिंदूरावाचा हळू आवाज म्हणजे मालकी आणि दिगूचा हळू आवाज म्हणजे हे सगळं माहीत असून काही करता येत नाही त्याचा थकवा. काम जवळजवळ सगळं ऐकण्याचंच आहे. दुसरे बोलतात, दिगू ऐकतो, आणि आत काहीतरी साचत जातं, ते शेवटी रस्त्यावर वेड्यासारखं हसत बाहेर पडतं. ते हसू आधीच्या दोन तासांतल्या प्रत्येक गप्प बसण्यानं भरलेलं आहे, म्हणून अंगावर येतं. नुसतं ते हसू कापून बघितलंस तर काही मिळणार नाही.

आमची आत्या एक होती, जत्रेत तंबूत सिनेमा बघून वाढलेली. पडद्यावर निळू फुले आले की कडाकडा बोटं मोडायची, "मुडदा बशिवला तुजा" म्हणायची, आणि हे ती अगदी मनापासून करायची. टीव्हीवर 'सिंहासन' लागला तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. अर्ध्या तासानं मला विचारते, "हा गरीब बिचारा पेपरवाला कोण रं?" मी सांगितलं आत्या, हा निळू फुले. तिचा विश्वास बसेना, भाजी खाली ठेवून ती टीव्हीच्या जवळ जाऊन बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. मी पुढं अभिनयावर पुष्कळ वाचलं, पण नटाचं मोजमाप म्हणून मला अजून ती संध्याकाळच आठवते.

तू जो साच्याचा आरोप केलास तो पूर्ण खोटा नाही, हेही सांगतो. सत्तर ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी ग्रामीण आणि तमाशापटांत त्यांना तोच पाटील, तोच सावकार, तोच सरपंच दिला गेला, बाईवर वाईट नजर ठेवणारा, आणि त्यातल्या काही सिनेमांत लेखनच इतकं पातळ आहे की निळूभाऊंनी सुद्धा ठरलेल्या चार गोष्टी केल्यात आणि सोडून दिलंय. ते मला आवडत नाही, बघवत नाही. पण दोष मी साचा बनवणाऱ्यांना देतो. एका नटाचं नाणं चाललं की तेच परत परत पाडत राहायचं ही आपल्या इंडस्ट्रीची जुनी सवय आहे, आणि तुला "टाईप कर" म्हणणारा माणूस तीच सवय पुढं चालवतोय.

हिंदीतही त्यांनी कामं केली, 'कुली', 'मशाल' वगैरे, पण तू बघायचा तो 'सारांश', १९८४चा, महेश भट यांचा. तिथं ते गजानन चित्रे नावाचे पुढारी आहेत, आणि गाव नाही, वाडा नाही, धाक दाखवायला काहीच ओळखीचं सामान नाही, मुंबईच्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या फ्लॅटमधे हा माणूस येतो. तरी तो आला की त्या घराची हवा बदलते. भाषा बदलली, प्रांत बदलला, पद्धत तीच, घाई नाही.

पडद्याबाहेरचं एवढंच सांगतो, की सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला तेव्हा लागू आणि निळूभाऊ ह्या दोघांनी बाकीच्या मोठ्या नटांना घेऊन 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, गावोगाव फिरून. 'सामना'मधे एकमेकांसमोर ठाकलेली ही दोन माणसं खऱ्या आयुष्यात एकाच बाजूला होती हे मला नेहमी फार बरं वाटतं. १३ जुलै २००९ला निळूभाऊ गेले. त्या दिवशी आमची तालीम होती, ती आम्ही केली नाही, त्याऐवजी सगळ्यांनी बसून 'सिंहासन' बघितला.

आता तुझी ऑडिशन. सीन पाठव म्हणणार नाही, पण असं कर. वाक्यं पाठ झाली की आधी ठरव की ह्या सरपंचानं गावासाठी कुठली चांगली गोष्ट केलीय, खरोखर केलीय, ज्याचा त्याला अभिमान आहे. पाण्याची टाकी, शाळेची खोली, काहीही, पण डोळ्यासमोर दिसली पाहिजे. मग समोरच्या पात्राकडून त्याला काय हवंय ते ठरव, आणि ते मिळणारच आहे अशा खात्रीनं बोल. हाताला एक काम दे, सुपारी कातरायची असेल तर खरा अडकित्ता आणि खरी सुपारी घेऊन जा, नुसते हात हलवू नकोस, आणि घरी चार दिवस रोज कातरायची सवय कर, नाहीतर तिथं बोट कापून घेशील. वाक्याचा शेवट पडू दे. समोरच्याचं बोलणं संपल्यावर मनात दोन आकडे मोज आणि मगच तोंड उघड, सुरुवातीला ते दोन आकडे फार लांब वाटतील, वाटू देत.

आणि त्यांनी अगदीच हट्ट धरला की आम्हाला तो घोगरा आवाजच पाहिजे, तर आधी तुझ्या पद्धतीनं एकदा करू द्या अशी विनंती कर, अगदी आदबीनं, मग त्यांचा टेक दे. दोन्ही झाल्यावर ज्यानं तुझ्यासमोर क्यू दिला त्या नटाला बाजूला घेऊन विचार, कुठल्या वेळी तुला खाली बसावंसं वाटलं.